पितृपंधरवड्यात उघडलेलं दुकान

लोक मला विचारतात, तुम्ही धंद्यात कशा काय पडलात. मी सांगते, रागाने. भांडवल नंतर आलं, आधी राग आला.

माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं होतं. आमच्या घरातली ती पहिली इंजिनियर, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेली. आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते, नवरदेवही पांढऱ्यातच असतो. चांगली सोनेरी काठाची पांढरी साडी घ्यावी म्हणून मी तिला लक्ष्मी रोडवरच्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. लग्नाचा विभाग वरच्या मजल्यावर होता. मी म्हटलं, पांढरी साडी दाखवा. सेल्समनने हातातला शालू बाजूला ठेवला, आम्हाला कोपऱ्यातल्या गादीवर नेऊन बसवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण वारलं?"

नणंद म्हणाली, "कोणी नाही. मीच नवरी आहे."

तो आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं आणि म्हणाला, "अच्छा, तुमच्यात असतं का तसं." त्या 'तुमच्यात'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साड्या त्याने दाखवल्या, नाही असं नाही. पण खालच्या कपाटातल्या, बिनकाठाच्या, तेराव्याला नेतात त्या. ऑफिसात परदेशातल्या साहेबांशी फोनवर हुज्जत घालणारी आमची पोर तिथे मान खाली घालून बसली होती. ते मला बघवेना. मी तिला उठवलं आणि जिना उतरता उतरता म्हटलं, "अशा साड्यांचं दुकान मीच काढते." तिला वाटलं, वहिनी रागात बोलतेय. रागातच बोलत होते. तिच्या लग्नाच्या साडीला मी घरी मशीनवर बसून स्वतः काठ लावून दिला.

मला कपड्यातलं अगदीच कळत नव्हतं असं नाही. यवतमाळकडून लग्न होऊन विश्रांतवाडीला आले तेव्हापासून घरात फॉल-पिको करत होते. आणि त्याच वर्षी आमच्या ह्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, कारखान्याने जुन्या लोकांना व्हीआरएस घ्यायला लावली. बाहेरून नवी यंत्रं आली, माणसं जास्त झाली म्हणे. हातात एकरकमी पैसा आला आणि हे घरात बसले. तेवढाच पैसा होता. तो गेला तर पुढे पेन्शन नाही, गावाकडे शेत नाही, मुलांची कॉलेजं अजून व्हायची. ह्यांच्या मनात तो बँकेत ठेवायचा होता. मी म्हटलं, दुकानात घालू.

महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी हे तयार झाले, पण एक अट घातली. "बोर्डावर बौद्ध लिहू नकोस. नुसतं साडी सेंटर लिही. सगळ्या रस्त्याला कशाला सांगायचं?"

मी चिडले, पण मला ह्यांचं कळतही होतं. कारखान्यात कुणी "तुम्ही कुठले" विचारलं की हे "यवतमाळकडचे" एवढंच सांगून चहाचा कप उचलायचे. पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून. इतकी वर्षं त्या पुढच्या प्रश्नाच्या धाकात काढलेला माणूस, आयुष्याची कमाई माझ्या हातात देत होता. मी अट मान्य केली. ती माझी चूक झाली.

गाळा मिळाला आळंदी रस्त्याला लागून. मालक मूळचे तिथलेच, शेताचे प्लॉट होऊन गाळेवाले झालेले. गाळा रिकामा पडला होता आणि पितृपंधरवडा तोंडावर होता. त्या दिवसांत कोणी दुकान उघडत नाही, भाडेकरू येत नाही, म्हणून मालक लगेच हो म्हणाले, करार मागाहून करू म्हणाले. ठोक व्यापाऱ्यांकडेही शुकशुकाट. एरवी मला दारात उभं केलं नसतं, तेव्हा चहा पाजून माल दाखवला. आम्हाला मुहूर्ताशी काय करायचंय? आमच्या लोकांची लग्नं रविवार बघून होतात. त्या पंधरवड्यात तर कार्यालयं ओस पडलेली असतात, हवं ते मिळतं. मला वाटलं, बाई, तू फार हुशार आहेस.

घरातल्या चार माणसांनी मिळून वंदना म्हटली आणि शटर वर केलं. दर्शनी भागात तीन पुतळे उभे केले, तिन्ही पांढऱ्या साड्यांत. वर बोर्ड, साडी सेंटर. दाराशी बादली, साबण आणि स्वच्छ पंचा. पांढऱ्याला बोटं लागलेली लपत नाहीत, म्हणून मी नियम केला होता की हात धुतल्याशिवाय मालाला हात लावायचा नाही, मग तो कोणीही असो.

गिऱ्हाईक आलं. नाही कशाला म्हणू? पहिल्या दिवशी दोन बाया आल्या, दोघींनाही श्राद्धाला दान द्यायला साडी हवी होती. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आली, तिची बहीण नुकतीच विधवा झाली होती. ती बिचारी माझ्यासमोर रडली, मीही रडले आणि तिला साडी दिली. शेजारी स्टेशनरीचं दुकान होतं. त्याचे मालक सदाशिव पेठेतून इकडे राहायला आलेले गृहस्थ. ते पुतळ्यांकडे बघून शांतपणे म्हणाले, "वा. दिवस बरोबर साधलात. आता काळे तीळ आणि दर्भही ठेवा, बायकांना दुसरीकडे जायला नको."

मी म्हटलं, "दर्भ तुम्ही ठेवा, काका. तुमच्याकडे सकाळपासून पेन्सिलसुद्धा गेलेली नाही."

बोलायला मी कमी पडत नाही. पण संध्याकाळी घरी गेले की हे काही न विचारता माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी सरळ स्वयंपाकघरात शिरायचे.

आठवडा झाला आणि गाळामालक आले. दारातच उभं राहून म्हणाले, "वहिनी, पब्लिक बोलतंय. रस्त्यावर मयताचं दुकान मांडलंय म्हणत्यात. आता नवरात्र येणार हाय. घट बसायच्या आत गाळा मोकळा करा."

"काहून?" मी म्हटलं. राग आला की माझी वऱ्हाडी बाहेर येते. "ही लग्नाची साडी आहे."

"तुमाला म्हाईत. बघणाऱ्याला काय कळतंय?"

ते गेले आणि मी खुर्चीत बसून राहिले. माणूस उद्धटपणे बोलला, पण बोलला ते खरं होतं. बघणाऱ्याला कळेल असं मी काही लिहिलंच नव्हतं. लाज वाटते म्हणून लपवलं आणि वर लोकांनी ओळखावं अशी अपेक्षा. त्या लक्ष्मी रोडच्या सेल्समनपेक्षा मी काय वेगळं केलं होतं? त्याने पांढऱ्या साड्या खालच्या कपाटात ठेवल्या होत्या, मी तिथेच आमचं नाव दडवलं होतं.

दुपारी पेंटरला बोलावलं. त्याने निळ्या रंगात लिहिलं, 'बौद्ध विवाहाचे कपडे. नवरी, नवरदेव.' एका पुतळ्याच्या केसांत गजरा माळला, हातात हिरवा चुडा भरला. घरी जाऊन ह्यांना सांगितलं. हे जेवता जेवता थांबले, ताट तसंच ठेवून उठले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

रविवारी सकाळी एक मुलगी आईवडिलांना घेऊन आली. ती रोज कंपनीच्या बसने हिंजवडीला जायची, तिने बसमधून बोर्ड वाचला होता. पुढच्याच रविवारी तिचं लग्न होतं, कारण तेव्हाच तिला आणि नवरदेवाला एकदम रजा मिळत होती. तिघांनी बादलीपाशी हात धुतले. मुलीने निळ्या काठाची साडी अंगावर घेतली आणि आरशासमोर उभी राहिली. तिची आई म्हणाली, "आमच्या वेळी आम्ही खोटंच सांगितलं होतं दुकानात. आजी गेली म्हणून." असं म्हणून ती हसायला लागली आणि हसता हसता तिला हुंदका आला.

तेवढ्यात हे माझा डबा घेऊन आले. अबोला होता, तरी डबा आणला होता. डबा ठेवून निघणार, तर दारात गाळामालक.

त्यांनी एक नजर गिऱ्हाइकांकडे टाकली, मग टेबलावर पसरलेल्या साडीचा काठ बघायला हात पुढे केला.

"आधी हात धुवा," मी म्हटलं. "तिथे साबण आहे."

त्यांनी हात मागे घेतला. माझ्याशी पुढे बोललेच नाहीत. ह्यांच्याकडे वळले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "दादा, पैसा तुमचा हाय, म्हणून तुमाला सांगतो. धंदा करा, माझी ना नाय. पण बोर्डावरचा तो एक शब्द काढा, चार रंगीत साड्या लावा. आजच्या आज अकरा महिन्यांचा करार करून देतो. नायतर आठ दिवसांत सामान उचला."

मुलगी साडी अंगावर घेऊन तशीच उभी. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर विनवणी केल्यासारखं झालं असतं, आणि मला विनवणी करायची नव्हती. सगळा पैसा आत अडकलेला होता. एक शब्द पुसला की तो वाचत होता आणि तो शब्द ह्यांना पहिल्यापासून नको होता.

हे म्हणाले, "शब्द राहील."

"मग गाळा जाईल, दादा."

"जाऊ द्या. दुसरा बघू. हा बोर्ड उचलून तिथे लावू." आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, त्या मुलीच्या वडिलांकडे बघत म्हणाले, "आम्ही बौद्ध आहोत. माझ्या बहिणीचं लग्न झालं, तेव्हा अशी साडी मिळाली नव्हती."

मालक काहीतरी पुटपुटत गेले. मला ह्यांच्याशी बोलायचं होतं, पण गिऱ्हाईक समोर होतं. मी साडीची घडी घालायला लागले. वर बघितलं तर हे दुकानात नव्हते.

रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभे होते. कमरेवर हात ठेवून, मान वर करून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत आमचा बोर्ड वाचत होते. मधून गाड्या जात होत्या, हे हलत नव्हते. बऱ्याच वेळाने परत आले, बादलीपाशी हात धुतले, पंच्याला पुसले आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"अक्षरं फार बारीक काढलीत त्याने," म्हणाले. "उद्या बोलावून मोठी करून घे."