सुकरीची जोडी

सुकरीले साऱ्या गावानं देवमाणूस करून ठेवलं होतं, मी नाई. आधीच सांगून ठेवतो. मले तर ती खाली मुंडी पाताळ धुंडी वाटे. कोणाशी भांडण नाई, कोणाले शिवी नाई. बोरिंगवर दुसरीचा पाण्याचा गुंड आधी भरून देईन, मंग आपला. बाळंतिणीच्या घरी आंबील घेऊन हीच पहिली. आमच्या गावात येशूले मानणारी थोडीशीच घरं, त्यात तिचं एक. नाल्याच्या काठी टिनाच्या छपराचं त्याइचं चर्च हाय. ते झाडणं, सारवणं, चुन्याचे पट्टे ओढणं, सारं सुकरीकडं. अन् गळा! बाप्पा, रविवारी ती गायले लागली की आमच्या पारावरचे बुढे तंबाखूचा खर्रा घोटाचं विसरत. मोहाची दारू ती काढत नाई, पण मोहाचे लाडू असे करते की विचारू नका. ते मात्र मी खाल्ले. राग आपल्या जागी, लाडू आपल्या जागी.

राग काऊन होता, ते सांगतो. मी रुखमाबाई, देवरावची बायको. अन् देवराव म्हणजे तोच, जो पळाला अन् सुकरीचा नवरा पत्रू वाघानं नेला.

आमचं गाव आरमोरीपासून आत, जंगलाले खेटून. उन्हाळा लागला की मोह पडते. फुलं पहाटे गळतात, उजाडता उजाडता वेचावी लागतात, नाईतर हरणं अन् डुकरं साफ करतात. आता वेचाचं म्हणजे वाकाचं, अन् वाकलेलं माणूस वाघाले जनावरच दिसते. म्हणून आमच्याकडं मोहाले कोणी एकटं जात नाई. जोडी लागते. एक वाकते, दुसरा काठी घेऊन उभा राहते, चारी बाजूनं पाहते. मंग पाळी बदलते. जो वाकते त्यानं आपला जीव दुसऱ्याच्या डोळ्यात ठेवला, असं समजा.

पत्रू गेला त्या हंगामात देवराव अन् पत्रू जोडीले होते. पत्रू वाकला होता, आमचा बुढा उभा होता. झुडपात पट्टे दिसले, अन् याचा आवाज घशातच अडकला. पाय मात्र पळाले. हाक मारली असती तर पत्रू वाचला असता का? कोण जाणे. पण हाक मारली नाई, हे खरं. मी बायको असून सांगतो.

गावाचं तोंड कोण धरन? गावातल्या मुखरूनं त्याले पळपुट्या नाव ठेवलं, अन् ते नाव लेकरांच्या तोंडी गेलं. पोळ्याले बैल घेऊन गेला तरी मागून कोणीतरी खोकलतच होतं. जोडीले कोणी घेईना. आधी मीच जाऊ त्याच्यासंगं, मंग माहे गुडघे गेले. पोरगा गडचांदूरले सिमेंटच्या कारखान्यात, त्याचं त्याले पुरत नाई. मोह सोडला तर पावसाळ्यात तेल-मीठ कुठून आणाचं? तर आमचा बुढा एकटाच जाय. झाडाच्या बुंध्याले पाठ लावून बसल्या बसल्या वेचे, अन् अर्धं टोपलं घेऊन परते.

अन् एवढं होऊन सुकरी एक शब्द बोलली नाई. तेच मले झोंबे! अवं, शिवी दे, दगड मार! तिनं एक दिली असती तर मी दोन दिल्या असत्या अन् दोघींचं मन मोकळं झालं असतं. पण नाई. समोर दिसली की मान खाली, अन् चालली.

गेल्या साली पुन्हा वाघ फिरून राह्यला होता. जंगलाचा गार्ड येऊन सांगून गेला, एकट्यानं कोणी जंगलात जाऊ नका. आमचा बुढा म्हणे, "मले जोडी कोण देते? मी जाईनच." मी डोकं आपटून घेतलं, पण तो ऐकते का.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी ते चर्चचे लोक शिंदीच्या झावळ्या घेऊन गाणं म्हणत गावातून फिरतात. सुकरी पुढं. आमच्या घरासमोर आली अन् तिचं गाणं मधातच तुटलं. बाकीचे पुढं गेले. ती झावळी घेऊन सरळ माह्या अंगणात.

"रुखमाबाई, मी पाप केलं."

"मंग तुमच्या चर्चच्या पाळकाले सांग. माह्या अंगणात काऊन आली?"

"तुमच्या घराचंच केलं. काल बोरिंगवर बायका म्हणल्या, देवराव एकटा जाते जंगलात. अन् माह्या मनात आलं, जाऊ दे. सापडू दे वाघाले." झावळीचं पान ती बोटानं चिरून राह्यली होती. "अन् बाई, मले बरं वाटलं. लय बरं वाटलं. रात्री गोड झोप लागली मले."

मी झाडू उचलला. खरंच उचलला. माह्या कुंकवावर उठलेली बाई माह्याच अंगणात उभी राहून सांगते, मले बरं वाटलं! "निघ इथून! सारा गाव तुले देवमाणूस म्हणते, अन् पोटात हे? तोंडात येशू अन् पोटात वाघ?"

"हो," ती म्हणली. "पोटात वाघच होता. पत्रू गेला तेव्हापासून. मी चर्च सारवतो, चुना लावतो, अन् आत माह्या घाण साचली. आमचा प्रभू सांगून गेला, मन साफ असन त्यालेच देव दिसन. मले आज गाता गाता दिसला तो तुमचा दरवाजा. म्हणून आली. तुमी मारा, मी हलत नाई."

आता अशा बाईचं काय कराचं? मारावं तर उचललेला हात पडत नाई, माफ करावं तर मन ऐकत नाई. मी म्हणलं, "माफी पाहिजे का तुले?"

"माफी मांगतो. पण नुसती माफी घेऊन घरी गेली तर उद्या पुन्हा तेच मनात येईन. उद्यापासून मी देवराव भाऊच्या जोडीले येतो. त्याइले सांगा."

अगाई! मले वाटलं, ही बदला घेणार. वाघ आला की बुढ्याले तिथंच टाकून पळन अन् म्हणन, फिटली. बुढ्याले सांगितलं तर तो खाटेवर बसला तो उठेचना. "तिनं मले टाकलं तरी तिचा हक्क होय," म्हणे. मी म्हणलं, हक्क गेला चुलीत! मी पण येतो.

तर सकाळी आमची वरात निघाली. पुढं सुकरी काठी घेऊन, मधात बुढा टोपलं घेऊन, मागं मी लंगडत, हातात तेलाचा रिकामा डबा अन् लाकडाचा दांडका. पायवाटेच्या कडेच्या खडकावर मी बसली, नजर सुकरीवर. वाघावर नाई, सुकरीवर! ती त्याले म्हणली, "वेचा भाऊ, मी पाहतो." अन् अशी पाहे की पान हललं तरी मान वळे. आमचा बुढा लय दिवसानं कमरेतून वाकून वेचत होता. टोपलं भरलं.

असे चार-पाच दिवस गेले. माहा संशय काही जाईना, पण गुडघ्याले सवय झाली.

शुक्रवारी त्याइचा पाळक आला, प्रवीण नावाचा, शिकलेला पोरगा, गोड बोलते. म्हणे, "सुकरीबाई, ईस्टरच्या पहाटेच्या प्रार्थनेत तुमीच गाता. मोहाले एक दिवस सुट्टी द्या."

"त्या दिवशी फुलं नाई पडत का?" सुकरी म्हणली. "मी नाई गेली तर भाऊ एकटा जाईन. गाणं मी तिथंच म्हणतो. देवाले जंगलातून ऐकू येत नाई का?"

पाळक हसला अन् म्हणला, "जा मंग, आमची प्रार्थना तुमच्यासंगं." मले तो पोरगा तेव्हापासून आवडते.

ईस्टरची पहाट. तांबडं फुटलं होतं, मोहाखाली नुसता सडा. बुढा टोपलं घेऊन वाकाले लागला, तर सुकरीनं त्याच्या हातातून टोपलं घेतलं अन् काठी त्याच्या हातात दिली.

"आज तुमी पाहा. मी वेचतो."

बुढा पांढराफटक पडला. "नको वं बाई. मले नाई जमन. मी तसाच हाय अजून."

"मले ठाऊक नाई तुमी कसे आहात. मले माहं मन ठाऊक हाय. इतके दिवस मी पाहारा देऊन राह्यली, ते सोपं होतं, काठी माह्या हातात होती." तिनं त्याच्याकडं पाठ केली. "आता तुमच्या हातात हाय."

अन् वाकली. ज्याच्यापायी नवरा गेला त्याच माणसाकडं पाठ करून ती बाई वाकली अन् फुलं वेचाले लागली, जशी काही आपल्या अंगणात हाय! मी खडकावर बसली होती, माह्या डोळ्यातून पाणी कधी आलं मलेच समजलं नाई. इतके दिवस मी जिच्यावर नजर ठेवून होती, ती बाई आरशासारखी साफ निघाली. मीच आंधळी.

तेवढ्यात माकडं खेकसली.

मी पाहिलं. बुढ्यानं पण पाहिलं. करवंदीच्या जाळीतून वाघ निघाला होता, पोट जमिनीले टेकवून, नजर सुकरीच्या वाकलेल्या पाठीवर. बुढ्याचं तोंड उघडलं, आवाज नाई. त्या दिवशी असंच झालं असन. माहा तर जीवच गेला. मनात म्हणलं, पळाला हा, आता पळाला, मारोतीराया, याले धर.

अन् बुढा पळाला. पळाला, पण पुढं! सुकरी अन् वाघाच्या मधात जाऊन उभा राह्यला, अन् त्याच्या नरड्यातून असा आवाज निघाला की तसा मी आमच्या लग्नापासून ऐकला नव्हता. "सुकरी! उभी राय! उभी राय वं माय!"

सुकरी उठली. पळाचं नाई, हे जंगलातल्या लेकरालेही माहीत असते. ती त्याच्या खांद्याले खांदा लावून उभी राह्यली. बुढा काठी आपटून आपटून वाघाच्या सात पिढ्या उद्धरून राह्यला होता. मी डबा बडवत सुटली. अन् सुकरी? सुकरी गायले लागली! ईस्टरचं गाणं, त्याइचा प्रभू कबरीतून उठला त्याचं, पूर्ण गळा फोडून. एकीकडं भजन, एकीकडं शिव्या, वरून माहा डबा. वाघ थांबला. शेपटी एकदा इकडं, एकदा तिकडं. आम्हा तिघाइकडं पाहिलं, अन् हे येडे लोक आपल्या कामाचे नाई असं वाटलं असन त्याले. वळला अन् जाळीत गेला. आम्ही मात्र थांबलोच नाई. तो गेल्यावरही किती वेळ तिघं बोंबलून राह्यलो होतो.

मंग बुढा मटकन खाली बसला अन् लेकरासारखा रडला. "त्या दिवशी आवाजच नाई निघाला, सुकरी. देवाशपथ नाई निघाला."

"आज निघाला ना," ती म्हणली. ती पण रडत होती अन् हसत पण होती. "पत्रूनं पण ऐकला असन. भाऊ, माहं पोट आज मोकळं झालं. सारं मोकळं झालं!" अन् टोपलं तिथंच टाकून तिघं संगंच गावाच्या कडेले आलो, मंग पदर खोचून ती चर्चकडं पळाली. तिचं गाणं नाल्यापर्यंत ऐकू आलं, अन् तिकडून त्याइच्या लोकांनी ते उचललं.

गावात गोष्ट आमच्याआधी पोचली. मंग मी पण तोंड बंद ठेवलं नाई, हे सांगाले नकोच.

दुसऱ्या दिवशी उजाडाच्या आत दारात माणसं. मुखरू पुढं, टोपलं घेऊन, नजर पायावर. "देवराव भाऊ, आमच्या जोडीले चालता का?"

माह्या जिभेवर अशा शिव्या आल्या होत्या! पण मागून सुकरी आली, लुगडं खोचलेलं, डोक्यावर टोपलं.

"नाई," ती म्हणली. "हे माही जोडी होय. तुमी आपली पाहा."

मुखरू टोपलं घेऊन मागं वळला. सुकरीले त्याची दया आली असन, तिचं मनच आता तसं. म्हणली, "संगं याचं असन तर या. पण पाहारा देवराव भाऊ देईन. वाकाचं तुमाले."

मुखरूनं बुढ्याकडं पाहिलं.

"देऊ दे," तो म्हणला, "मी वाकतो." अन् आमचा बुढा काठी घेऊन सगळ्याच्या पुढं निघाला.