समैस्म्याच्या वाळूवर बाळूची वाडी

विमान दोह्यावर वळलं तशी खाली पिवळी वाळू आणि तिच्या कडेला निळा समुद्र दिसला. मनात म्हटलं, बाळू, एवढ्या लांब कशाला आलास रे?

बाळू माझा धाकटा भाऊ. आईमागे मीच वाढवला त्याला. इथे ड्रायव्हर होता. इथे दारू आणायला बंदी. गेल्या वर्षी चोरून आणलेली विषारी दारू प्यायला आणि गेला. पेटी गावी आली, पण दहाव्याला कावळा काही पिंडाला शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. सगळे म्हणाले, जीव तिकडेच कशात तरी अडकलाय. मला वाटलं, गावच्या काजूच्या दारूत अडकला असणार. म्हणून ती कोकम आगळाच्या बाटलीत भरून घेतली.

हसा तुम्ही! दारूबंदीच्या दिवसांत पोलीस आमच्याकडच्या हातभट्ट्या फोडत, ते मी लहानपणी पाहिलंय, तरी ही अक्कल. विमानतळावर बूच काढताच वास सुटला. ये क्या है, म्हणून कस्टमच्या साहेबाने विचारलं.

‘‘मेरे मरे हुए भाई के लिए,’’ मी म्हटलं.

त्याने बूच परत लावलं. बाटली ठेवून घेतली, पण मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, ‘‘खलास (झालं), अम्मा. जाओ.’’

लेक मंदा फरीज बिन ओमरानला राहते. विमानतळावरून घरी नेताना ती मला ओरडत होती. नातू मात्र इंग्रजीतून खोदून खोदून विचारत होता, आजी स्मगलर आहे का.

शुक्रवारी सुट्टी. तांदळाची भाकरी आणि तळलेली सुरमई घेऊन आम्ही समैस्म्याच्या किनाऱ्यावर वाडी (गेलेल्याच्या नावाने वाढलेलं पान) ठेवायला गेलो. बाळूच्या खोलीतला मित्र अल रय्यानहून आला. मल्याळी, तिशीचा. नाव लिहीत नाही.

पान ठेवलं. कावळा कुठला तिथे! तो मित्र उभ्याउभ्या हिंदीत सांगू लागला. त्या रात्रीची बाटली त्यानेच आणली होती. त्याने घोटभर घेतली, बाकीची बाळूने. बाळूला दिसेनासं झालं तेव्हा हा अॅम्ब्युलन्स बोलवायला उठला, तर बाळूने हात धरला. पोलीस येतील, नोकरी जाईल, तुला घरी पाठवतील, तुझी मुलगी लहान आहे, सकाळपर्यंत उतरेल, म्हणाला. सकाळी फार उशीर झाला होता.

‘‘दीदी, उसने रोका और मैं रुक गया,’’ म्हणाला आणि खाली बसला.

खोटं कशाला सांगू, मारावं इतका राग आला. मंदाने माझा दंड घट्ट धरला होता. मग कळलं, बाळूचा जीव कशात अडकला होता ते. कावळा शिवत नाही तेव्हा आपण मोठ्याने कबूल करतो ना, तसं मी समुद्राकडे तोंड करून म्हटलं, ‘‘बाळू, ह्याचं नाव मी कुणाला सांगणार नाही. तू जा आता.’’

थोड्या वेळाने एक मांजर आली आणि सुरमई उचलून गेली. मंदा हाकलायला धावली. म्हटलं, राहू दे गं, इथे मांजर तर मांजर.

परत आले. दारूने बुडालेली घरं मी पाहिलीत, तेव्हा बंदी वाईट असं माझ्या तोंडून निघायचं नाही. पण माणूस मरत असताना मदत बोलवायची भीती वाटावी, हे काही मनातून जात नाही.

गावात अजून अडवून विचारतात, त्या मित्राचं नाव काय? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण ते नाव मी गिळते. बाळूसाठी करण्यासारखं आता तेवढंच उरलंय.