पिशवीसकट लावलेली झाडं

रोप लावताना पिशवी काढायची असते. हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. आमच्या साहेबांना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं, म्हणूनच जास्त राग येतो.

रस्त्याकडेला झाडं लावणाऱ्या एका संस्थेच्या रोपवाटिकेत मी अठरा वर्षं आहे. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत खिडकी उघडली की रिक्षांचा धूर थेट स्वयंपाकघरात येतो. म्हणूनही असेल, रोपांवर माझा जीव जरा जास्तच. बहाव्याचं बी लई हट्टी. घासा, गरम पाण्यात भिजवा, तरी निम्मं रुसून बसतं. त्यातून उगवून, दोन वर्षांनी कमरेएवढी झालेली रोपं होती आमच्याकडे.

तेवढ्यात कळलं की परदेशातलं एक शहर आणि आपलं शहर मिळून नाशिकची हवा सुधारणार. तिकडचे पाहुणे येऊन स्वतःच्या हाताने झाडं लावणार होते. खोटं कशाला बोलू, मला मनापासून आनंद झाला. वाटिकेतली सगळ्यात सरळ, टवटवीत रोपं मीच निवडून दिली. आदल्या दिवशी साहेबांनी दोन्ही देशांच्या झेंड्यांचे स्टिकर आणले आणि काळ्या पिशव्यांवर चिकटवून घेतले. म्हटलं, असू दे, हौसेला मोल नाही. लावताना पिशवी निघणारच आहे.

सकाळी खड्डे तयार होते. पेठ तालुक्याकडचा आमचा माळी ब्लेड घेऊन पहिली पिशवी फाडायला बसला, तर साहेब धावत आले. "पिशवी काढायची नाही. झेंडे फोटोत आले पाहिजेत. वरची कड मातीच्या वर राहू दे."

माळी माझ्याकडे बघायला लागला. "बाई, मग मुळं जातील कुठं?" त्याने मला विचारलं, कारण साहेबांशी बोलायचं काम माझं.

मी बोलले. "साहेब, रोप गुदमरेल."

"पाहुणे गेले की काढू हो. तुम्ही आधी हारांचं बघा."

आणि मी हारांचं बघायला गेले. हारांचं ताट धरून दोन तास तिथेच उभी राहिले. एक परदेशी बाई गुडघ्यावर बसून हाताने माती दाबत होती. फुलं कधी येतील, तिने दुभाष्याकडून विचारलं. पाच-सहा वर्षांनी, मी सांगितलं. मग मी बघायला येईन, म्हणाली. चांगली होती बिचारी. मला तिच्याकडे बघवेना.

ते 'पाहुणे गेल्यावर' कधी आलंच नाही. एक दिवस मजूर नव्हते, एक दिवस गाडी नव्हती, मग साहेब बैठकीला गेले. आणि मी? तो रस्ता माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. एक ब्लेड घेऊन जायला मला कुणी अडवलं नव्हतं. वरून आदेश नाही म्हणून मी गेले नाही. साहेबांवर चिडते तेव्हा हे आठवतं आणि दुप्पट चिडते.

होळीपर्यंत रोपं वाळली. एक उपटून बघितलं. मुळं पिशवीच्या आत गोल गोल फिरून वेटोळी झाली होती, लहान पोराच्या घट्ट बुटात बोटं मुडपतात तशी.

मग परदेशात अहवाल पाठवायची वेळ आली. साहेबांनी लिहिलं, 'रोपवाटिकेतून आलेली रोपे अशक्त असल्याने जगली नाहीत.' खाली माझ्या सहीसाठी जागा. तळपायाची आग मस्तकात गेली. कागद घेऊन तशीच केबिनमध्ये शिरले.

"साहेब, शेण आपण खाल्लं, आणि नाव रोपांचं?"

"बाई, आवाज कमी करा. पाहुण्यांना वाईट वाटायला नको. पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहेत, दुप्पट झाडं लावायला. सही करा."

म्हणजे दुप्पट रोपं पुन्हा तशीच मरणार, आणि पुन्हा अशक्त ठरणार. त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं. ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'रोपे सशक्त होती. ती पिशवीसकट लावली. मी तिथे उभी होते आणि मी लावू दिली.'

मग सही केली.