खडखड नव्हे, खुळखुळ

हे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातली कॉलेजला जाणारी पहिलीच. कॉलेजच्या मैत्रिणींनी भुताखेतांचे विषय काढले की मी पुस्तक उचलून बाहेर जाऊन बसते... त्यामुळे "आता तूसुद्धा?" असं कोणीतरी विचारणारच. जसं आठवतंय तसं लिहिते.

आमचं घर दिघीजवळच्या बौद्धवाडीत आणि कॉलेज मुरूडला. म्हणजे दिघीहून आगरदांड्यापर्यंत बोट, पुढे सायकल. सायकल फोल्डिंगची, बाबांची. बाबा न्हावा शेवाला जहाजावर कंटेनर बांधायच्या कामावर होते. लोखंडी दांडे लावून कंटेनर आवळायचे, म्हणजे समुद्रात ते हलत नाहीत. एखादा दांडा सैल राहिला तर बाबांना नुसत्या आवाजावरून कळायचं. घरीही तेच. पंखा वाजला, दाराची कडी वाजली, की म्हणायचे, "बाय, आधी आवाजाला नाव दे. नाव बरोबर पडलं की जागा सापडते."

गेल्या वर्षी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, "त्यांना सगळं समजतं. पण त्यांनी बोलायचा प्रयत्नच सोडलाय. असेच गप्प राहिले तर पुढे फार अवघड जाईल." आम्ही रोज मागे लागायचो. पाणी म्हणा, आई म्हणा... बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. आठ महिने एक शब्द नाही.

अशात सायकल वाजायला लागली. संध्याकाळी मी वाडीत शिरले की तो आवाज घरापर्यंत जायचा आणि बाबा कासावीस व्हायचे. डावा हात खाटेवर आपटायचे, डोळ्यांत पाणी यायचं. आई वैतागून म्हणायची, "अगं, ती सायकल खांद्यावर घेऊन ये, पन वाजवू नको! जीव घाबरा होतो त्यांचा."

म्हणून मी आवाजाच्या मागे लागले. माझ्या मते ती खडखड होती, म्हणजे काहीतरी सैल होऊन आपटतंय. मधल्या बिजागरीचा खटका आवळला. हँडल आवळलं. मडगार्ड काढून चालवली, मग कॅरियर काढून, मग घंटीसुद्धा काढली. चालवता चालवता एकेका भागावर हात दाबून पाहिला, कारण हात लावल्यावर आवाज थांबला तर दोष तिथेच. कुठेच थांबला नाही.

त्या शनिवारी लेक्चर लवकर सुटलं. आगरदांड्याला पोहोचले तर बोट भोंगा देऊन नुकतीच सुटलेली. भर दुपार, जेट्टीवर चिटपाखरू नाही. चहाच्या टपरीवाले रफीकचाचा तेवढे होते. मी सावलीत सायकल उलटी केली आणि पाने काढले.

"काय गं, आज पुन्हा ऑपरेशन?" चाचा म्हणाले. "पेशंट मरेल एखाद्या दिवशी."

"मरू दे चाचा, निदान खडखड तरी थांबेल."

आणि तेवढ्यात, माझ्या उजव्या खांद्यामागून, अगदी जवळून –

"खडखड न्हाय ती, बाय. खुळखुळ हाय."

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. नुसतं ऊन.

"चाचा, तुम्ही काही बोललात?"

चाचांनी तोंडातला बिस्किटाचा घास दाखवला, गिळला आणि म्हणाले, "मी कसा बोलणार? काय झालं? चेहरा का असा?"

आमच्याकडे मोठी माणसं प्रत्येक मुलीला बायच म्हणतात, हे मलाही माहीत आहे. पण आवाज बाबांचा होता. झटक्याच्या आधीचा, थोडा थट्टेचा. मला भीती वाटली नाही... रडू आलं.

खुळखुळ. म्हणजे पोकळीत काहीतरी सुटं आहे. खुळखुळ्यात असतं तसं. बाहेरून कितीही आवळा, थांबणार कसं? मी गादी काढली आणि सीटचा पोकळ दांडा उपसून पालथा केला. टप्प करून हातावर एक नट पडला. दोन आठवड्यांपूर्वी गादी मीच बदलली होती. तेव्हा हा नट हरवला, म्हणून मी दुसरा लावला होता. तो दांड्यातच पडला असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

घरी पोहोचले. सायकल वाजली नाही. आई दारातच म्हणाली, "आज लई घाबरवलं यांनी. दुपारी पेज भरवत होते, तर एकदम ठसका लागला. खु... खु... खु... थांबेचना. पाणी दिलं, तर गिलास लोटून दिला."

"किती वाजता?"

"बोटीचा भोंगा झाला ना, त्याच्या जरा मागून."

म्हणजे मी जेट्टीवर होते तेव्हाच. मी गोळ्यांची रिकामी बाटली घेतली, त्यात तो नट टाकला आणि बाबांच्या कानाजवळ हलवली. बाबांनी डोळे मिटले. ओठ कितीतरी वेळ हलत राहिले.

"खु...ळ," बाबा म्हणाले. "खुळ... खुळ."

आईच्या हातातली पळी खाली पडली. "ठसका न्हवता व्हय तो," एवढंच बोलली आणि पदर तोंडाला लावून खाली बसली.

त्यानंतर ताईंनी आमच्या व्यायामाची पद्धतच बदलली. आम्ही वस्तू दाखवत नाही, वाजवतो. तांदळाचा डबा, किल्ल्या, कागद. आधी आवाजाचं नाव येतं, मग हळूहळू वस्तूचं. आता चाळीस-पन्नास शब्द झालेत. बाबा आईला पहिल्यापासून "आये" म्हणतात. तशी हाक मारतात तेव्हा आई मुद्दाम उशिरा ओ देते, म्हणजे दोनदा ऐकायला मिळतं.

मला मनातून आधीच माहीत असेल का, नट कुठे पडला ते? असेल. आईचा वेळेचा अंदाज चुकला असेल? तोही चुकला असेल. पण खुळखुळ हा शब्द त्याच दुपारी त्यांच्या तोंडून का निघू पाहत होता, याचा उलगडा मला होत नाही. परवा धीर करून विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही जेट्टीवर आला होता?"

 त्यांनी डाव्या हाताने अंगणाकडे खूण केली, म्हणजे सायकल चालव.

मी अंगणात तीन फेऱ्या मारल्या. बाबा दाराशी खुर्चीत, डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झालं, पास. तेवढ्यात त्यांच्या डाव्या हाताचं बोट वर गेलं.

"किर... किर," बाबा म्हणाले. मग बराच जोर लावून, "तेल. घाल."