कर न भरलेला डबा

आमच्या ह्यांना जाळायची नोकरी होती. असं एकदम सांगितलं की लोक दचकतात, म्हणून लग्न ठरताना माझ्या वडिलांना फक्त "मुलगा कस्टमच्या पार्सल ऑफिसात आहे" एवढंच कळवलं गेलं. खोटं नव्हतं ते. ऑफिस होतंच. ऑफिसच्या मागे उंच भिंतीचं अंगण होतं, अंगणात विटांची भट्टी होती, आणि भट्टीपुढे फावडं घेऊन आमचे हे होते. लोक हौसेने परदेशातून काय काय मागवतात, आणि त्यावर कर किती लागला ते ऐकलं की पाठ फिरवून चालू लागतात. मुदत संपली की माल बेवारस. विकण्यासारखा असला तर लिलावात जायचा. बाकीचं सगळं, म्हणजे औषधं, अत्तरं, सिगार, तंबाखू, फुटकीतुटकी खेळणी, शनिवारी दुपारी ह्यांच्या स्वाधीन.

बोलण्याच्या नावाने घरात शून्य. आले की आधी अंघोळ, मग जेवण, मग खिडकीतल्या खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघणं. मी तासभर डोकं खाल्लं तर "हं" एवढं उत्तर, तेही मेहेरबानी केल्यासारखं. भुवया कायम करपलेल्या. लग्नाच्या फोटोत दिसतात तेवढ्याच काय त्या पूर्ण.

आणि हाच माणूस भट्टीपाशी बोलायचा! एकदा चष्मा घरी विसरले म्हणून मी द्यायला गेले, तेव्हा कळलं. खोकं आत टाकायच्या आधी त्यावरचं नाव हे मोठ्याने वाचायचे. बापाच्या नावासकट, आडनावासकट. "तुमचं सामान आलं होतं हो! कुणी घ्यायला आलं नाही!" मग क्षणभर कान देऊन थांबायचे, आणि मग खोकं आत. बाहुली असली तर तोंड खाली करून टाकायची. मी तर कपाळालाच हात लावला.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? कुणाला हाका मारताय?"

"एखाद्याची वस्तू जाळायची तर त्याला सांगायला नको?" हे म्हणाले. आणि चष्मा पुसत बसले.

आता पाइपवाल्या आजोबांचं सांगते. ते घड्याळं दुरुस्त करायचे. नजर गेली तसं दुकान बंद केलं, पण पाइप काही सुटला नाही. तंबाखू परदेशातल्या एका ठराविक दुकानातून टपालाने यायची, महिन्याला एक चपटा डबा. आधी कर झेपत होता. मग सरकारला काय सुचलं देव जाणे, कर वाढत वाढत डब्याच्या किमतीच्या वर गेला. काउंटरवरची बाई माझ्या चांगल्या ओळखीची, तिने मला सगळा तमाशा हावभावांसकट करून दाखवला. आजोबा काउंटरवर मूठ आपटून म्हणाले, "तंबाखू माझी, तोंड माझं, खोकला माझा. ह्यात सरकारने काय केलं?"

बाई म्हणाली, "आजोबा, नाही भरलात तर डबा जाळून टाकतील."

"जाळतील? मग मी त्याचं काय लोणचं घालतो का? मीही जाळतोच!" आणि मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "जाळता कधी?"

"शनिवारी दुपारी."

"बरं. वारा कुठल्या बाजूचा असतो?"

मुदत संपली त्या शनिवारी म्हातारा मागच्या गल्लीत, भट्टीच्या अंगणाच्या भिंतीला पाठ लावून उभा. तोंडात रिकामा पाइप. आत ह्यांनी त्यांचं नाव वाचलं आणि पलीकडून खणखणीत उत्तर आलं, "ओ! आलोय!"

इतकी वर्षं हाका मारल्या, त्याला पहिल्यांदा कुणी ओ दिली होती. हे घरी आले ते अंघोळ न करताच सांगायला लागले. मी हातातलं काम टाकून ऐकत बसले, म्हटलं ही संधी पुन्हा येते न येते.

तेव्हापासून तो नेमच झाला. आजोबांनी डबा मागवायचा, कर भरायचा नाही, आणि जाळायच्या दिवशी गल्लीत उभं राहून धूर फुकट घ्यायचा. ऑफिसभर हशा. ह्यांनीही आपल्या परीने सोय केली. रबर, औषधं असली घाण आधी उरकायची, भट्टी निवून निखारे झाले की आजोबांची तंबाखू पत्र्यावर पसरून सावकाश जाळायची, म्हणजे वास स्वच्छ जाईल. संपलं की आजोबा पाइप भिंतीवर ठोकायचे आणि जायचे. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. मी म्हणायचे, "अहो, वळसा घालून जा की बाहेर, दोन शब्द बोला." तर म्हणे, "बोलतो की."

थंडीत एकदा हे म्हणाले, "आजोबांचा आवाज बसलाय."

"थंडी आहे, बसणारच."

पुढच्या खेपेला म्हणाले, "आज आवाज फार जवळून आला. भिंतीतूनच म्हण ना."

मी लक्ष दिलं नाही. ह्यांना एक तर बोलता येत नाही, आणि बोलले तर असं काहीतरी.

थंडी सरत आली तेव्हा एक दिवस हे भर दुपारी घरी आले. आडवारी, न सांगता, जेवणाचा डबा न उघडता. खुर्चीत बसले ते पाणीसुद्धा घेईनात. मग म्हणाले, "आजोबांची सून आली होती काउंटरवर. म्हणाली, त्यांच्या नावाने नोटिसा पाठवणं बंद करा. सासरे थंडी पडायच्या आधीच गेले. वर्षाचे पैसे आगाऊ भरून ठेवले होते, म्हणून डबे येत राहिलेत."

"अरेरे," मी म्हटलं. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "मग थंडीभर तुम्हाला ओ कोण देतंय?"

हे उठले आणि अंघोळीला गेले.

मी काही भित्री बाई नाही. म्हटलं असेल कुणी टवाळ, चांगला कान उपटून येते. पुढचा डबा जाळायच्या शनिवारी मी स्वतः त्या गल्लीत जाऊन उभी राहिले. एका बाजूला ऑफिसची शेवाळलेली भिंत, दुसऱ्या बाजूला गोदामाची पाठ. एक खिडकी नाही की दार नाही. मध्ये गटार. दोन्ही टोकं मला स्वच्छ दिसत होती आणि गल्लीत माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. आतून फावड्याचा आवाज येत होता. मग ह्यांनी आजोबांचं नाव वाचलं, जरा चाचरतच.

"ओ," माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं. "आलोय."

ओरडून नाही हो. शेजारच्या खुर्चीतला माणूस बोलतो ना, तसं, आरामात. मग धूर खाली उतरला, आणि खोटं कशाला सांगू, वास छान होता. ओलं लाकूड आणि सुकलेल्या फळांचा. तो संपेपर्यंत मला तिथून हलता आलं नाही. शेवटी माझ्या डोक्याच्या बाजूला भिंतीवर टकटक झाली, थोडा चुना माझ्या खांद्यावर पडला, आणि मी जी पळत सुटले ती घरी येऊन थांबले.

"त्यांना हाक मारायची नाही आता," मी त्या दिवशी ह्यांना बजावलं. "मुकाट्याने टाका आत."

"त्यांची तंबाखू आहे गं ती."

"ते मेलेत!"

"असतील," हे म्हणाले. "पण त्यांना कुणी सांगितलं नसेल."

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हे शनिवारची वाट बघायला लागले होते. घरातलं मीठ-तेल संपलं तर ह्यांना पत्ता नसायचा, पण आजोबांचा पुढचा डबा कुठवर आला असेल ते विचारलं तर लगेच सांगतील. जिवंत बायको समोर बसलेली, आणि ह्यांचं सगळं लक्ष त्या भिंतीपलीकडे. मला माझा माणूस हातातून निसटताना दिसत होता. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायचा, आणि भीती त्याहून जास्त वाटायची.

तेवढ्यात ऑफिसात नवा साहेब आला. धुराच्या तक्रारी होत्याच, त्याने भट्टीला कुलूप ठोकलं. यापुढे तंबाखू पाण्यात कालवून खड्ड्यात पुरायची असा हुकूम निघाला. मला हायसं वाटलं. पण आजोबांच्या वर्षातला शेवटचा डबा अजून यायचा होता, आणि तो नेमका हुकूम निघाल्यावर आला.

ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. "नाव वाचून चिखलात घालू?" एवढंच म्हणत राहिले. मग एका सकाळी म्हणाले, "आपण कर भरू. डबा सोडवून आणू."

"काय?" मी ताडकन उठले. "जिवंतपणी म्हाताऱ्याने एक दमडी दिली नाही, आणि मेल्यावर आम्ही भरायचा? तुम्ही विडी ओढली नाहीत आयुष्यात! एवढ्या पैशात मिक्सर येईल माझा!"

ह्यांनी समोरचा चहा बाजूला सारला. ते तोंड मला बघवेना. शेवटी कपाटातून पैसे मीच काढून दिले. सुनेने नोटीस आनंदाने ह्यांच्या हवाली केली, म्हणाली, घेऊन जा बाबा, आम्हाला कटकट नको. काउंटरवरच्या बाईने पैसे मोजून घेताना विचारलं म्हणे, "घरी कोण ओढतं?" हे म्हणाले, "पाहुणे."

मागच्या गॅलरीत जुन्या तव्यावर निखारे घेतले. ह्यांनी तंबाखू हाताने मोकळी केली, अगदी जपून पसरली. धूर निघायला लागला, हे ताठ उभे राहिले, नाव वाचायला तोंड उघडलं, आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

"अहो, थांबा! ती सरकारची भिंत होती. हे आपलं घर आहे!"

पण नाव वाचून झालं होतं. आणि ओ बाहेरून आली नाही. ती आतून आली, ह्यांच्या खिडकीतल्या खुर्चीतून.

ह्यांचा चेहरा असा उजळला! आमच्या लग्नात एवढा उजळला नव्हता. रिकाम्या खुर्चीकडे बघून हे म्हणाले, "नीट पोचतोय ना?" मला काही ऐकू आलं नाही. ह्यांना आलं असावं, कारण ह्यांनी मान डोलावली. तवा विझेपर्यंत हे तिथेच, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराला घट्ट धरून. मग खुर्चीच्या हातावर पाइप ठोकल्याचा आवाज झाला आणि घर एकदम मोकळं वाटलं. मी रडलेच. म्हटलं सुटला एकदाचा, आमच्या पैशाने का होईना. आता माझा नवरा मला परत मिळाला.

कसला मिळतोय. भट्टी बंद झाली तशी ह्यांना पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं होतं. घरी "हं" सुद्धा म्हणेनात. आणि शनिवारी ऑफिस सुटलं की गायब. "कुठे होतात?" "इथेच." दोनतीनदा ऐकून घेतलं आणि मग एका शनिवारी पाठोपाठ गेले.

हे त्या गल्लीत होते. आजोबा उभे राहायचे तिथेच, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून. अंगणाला कुलूप, धुराडं थंड, आकाशात धुराची रेघ नाही. पण गल्लीत वास भरून राहिला होता. ओलं लाकूड आणि सुकलेली फळं. हे तो छाती भरून आत घेत होते. मी जवळ जाऊन हात धरला तरी डोळे उघडले नाहीत.

भिंतीच्या आत फावडं फरशीवर घासलं. मग थांबलं. आणि त्याच म्हाताऱ्या आवाजाने सावकाश, नीट, आमच्या ह्यांचं नाव वाचलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट.

"तुमचं सामान आलं होतं हो. कुणी घ्यायला आलं नाही."

आणि आतलं माणूस कान देऊन थांबलं.

ह्यांनी ओ द्यायला श्वास घेतला. मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. सगळा जीव एकवटून दाबला, आणि त्या भिंतीवर किंचाळले, "आलंय! घ्यायला आलंय! मी आलेय! हे बेवारस नाहीत, ऐकलंत का? ह्यांचं जे काय भरायचं असेल ते मी भरीन, पण ह्यांना आत घ्यायचं नाही!"

आत फावडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

माझ्या तळव्याखाली ह्यांचे ओठ अजून हलत होते. मी हात काढला नाही, तशीच त्यांना गल्लीबाहेर घेऊन आले.