चार दिवसांची कडी

माझ्या धाकट्या भावाला गिऱ्हाइकं ‘मखमल’ म्हणायची. दाढी करताना त्याचा वस्तरा गालावरून कधी फिरून गेला ते कळायचंच नाही. दुकानात खुर्च्या दोन, एक त्याची, एक माझी. माझी रिकामी असली तरी लोक बाकावर बसून त्याची वाट बघत. थोरला मी, पण माझा हात जड. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू!

पुढे पुढे पहिला घोट पोटात गेल्याशिवाय त्याच्या हाताची थरथर थांबेना. गिऱ्हाइकांना ते ठाऊक होतं. पेपर चाळत ती म्हणायची, “मखमल मागे गेलाय का? येऊ दे घेऊन, मग बसतो.” तो मागच्या मोरीत बाटली तोंडाला लावायचा आणि आम्ही बाहेर खिदळायचो. आमच्याइतकी गाढवं शोधून सापडायची नाहीत.

तो प्यायला का लागला, याची कारणं सगळ्यांकडे तयार होती. वाईट संगत, लग्न झालं नाही, आईचे लाड. त्याला विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. एकदा वस्तऱ्याला धार लावता लावता तो आपणहून म्हणाला, “दादा, सकाळी उठावंसंच वाटत नाही रे. छातीवर कुणीतरी बसलेलं असतं.”

मी म्हणालो, “मग कमी ढोस.” तो पुन्हा त्याबद्दल कधी बोलला नाही.

एका सुट्टीच्या दिवशी तो अंघोळ करून माझ्यासमोर उभा राहिला. “मला वरच्या खोलीत चार दिवस कोंड. मी शिव्या देईन, पाया पडेन, पण कडी काढू नकोस. तुला माझी शपथ.” याआधी त्याने दहा वेळा सोडली होती आणि अकरा वेळा धरली होती. पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत काकुळती होती. मी कडी लावली.

पहिला दिवस शिव्यांचा गेला. दुसऱ्या दिवशी घाम आणि उलट्या. जिन्याकडच्या खिडकीतून दिलेलं ताट तसंच परत यायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आतून ओरडायला लागला, “दादा, भिंतीतून मुंग्या येतायत! बाबा कोपऱ्यात उभे आहेत, त्यांना जायला सांग ना!” बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

बायको म्हणाली, “अहो, हे नाटक नाही. डॉक्टरांना बोलवा.”

“तू मध्ये पडू नकोस. आजचा आणि उद्याचा दिवस काढला की माझा भाऊ सुटला.”

मी पायरीवर बसून रडत होतो, पण उठलो नाही. जन्मात पहिल्यांदाच त्याने माझ्यावर काहीतरी सोपवलं होतं. मग आत धपकन काहीतरी पडलं आणि सगळं शांत झालं. मी बायकोला म्हणालो, “झोपला बघ. जिंकलो आपण.” तासाभराने तिनेच मला बाजूला सारून कडी काढली. तो जमिनीवर पडला होता, तोंडाला फेस, हातपाय झटके देत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “इतकी दारू एकदम तोडायची नसते. भास होतात, झटके येतात, जीवही जातो. दवाखान्यात ठेवून, औषधं देऊन सोडवावी लागते. पहिल्याच दिवशी आणायला हवं होतं.” त्या रागावल्यासुद्धा नाहीत. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जीव वाचला, पण डोकं गेलं. जुनं त्याला सगळं आठवतं, नवं काही म्हणजे काही टिकत नाही. दिवसभर दुकानात बाकावर बसतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, “दादाने माझी दारू सोडवली. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.” लोक कौतुकाने माझ्याकडे बघतात. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला होतं.

दुपारी दुकान रिकामं झालं की मी त्याच्याशेजारी बसतो आणि सगळं सांगतो. मुंग्या, बाबा, मी वाया घालवलेला तो तास. तो नीट ऐकतो, माझा हात हातात घेतो, म्हणतो, “जाऊ दे रे दादा, शपथ मीच घातली होती ना?” असा तो मला रोज माफ करतो. मी तोंड धुऊन येईपर्यंत ते सगळं त्याच्या डोक्यातून पुसून गेलेलं असतं.

काल मी तोंड पुसत आलो तर तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मग हळूच जवळ सरकून म्हणाला, “दादा, डोळे का रे इतके लाल? प्यायला लागला असशील तर मला सांग. मी ओरडणार नाही. काय होतंय ते नुसतं सांग मला.”