मागून चालणाऱ्या शांताबाई

शांताबाई कधी माझ्या बरोबरीने चालल्या नाहीत. एक पाऊल मागे, डोक्यावर पदर आणि अंगात जावयाचं जुनं जाकीट. त्या माझ्या सुनेच्या, वैशालीच्या आई. बार्शीच्या. माझा मुलगा प्रशांत जर्मनीत नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. बाळंतपण आईने करायचं आणि नंतर बाळ सासूने सांभाळायचं, अशी पाळी त्याने लावून दिली होती. मधले पंधरा दिवस आम्ही दोघी त्या घरात होतो.

जवळच पूर्वी आगगाडीचा मार्ग होता. रूळ उखडून तिथे चालायची वाट केलेली. एक सिग्नलचा खांब तेवढा ठेवलेला. बाळाची गाडी ढकलत आम्ही रोज तिथे जायचो. वाट चांगली रुंद.

"अहो, पुढे या की. इथे कोण बघतंय?" मी म्हणायचे.

"कुणी बघतंय म्हणून करायचं असतं व्हय? मुलीकडच्यांनी मागंच बरं."

बोलायच्या मात्र भरपूर, माझ्या पाठीशी. "रूळ काढले तरी वाट गाडीचीच बघा. कुठं अंगावर येणारा चढ न्हाई." काठ्या टेकत येणारे म्हातारे जर्मन "मॉर्गन" म्हणायचे, तर या "रामराम". त्यांना काय कळणार, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "मला तरी त्यांचं काय कळतंय?"

वैशालीचं काही बरं नव्हतं. बाळ झाल्यापासून ती जेवण चिवडायची. बाळ रडलं की भिंतीकडे तोंड करून पडायची. प्रशांत म्हणायचा, दमलीय. शांताबाईंच्या व्हिसाचा महिना शिल्लक होता, पण मी आले म्हणून त्याने त्यांचं तिकीट आधीचंच काढलं होतं.

एकदा सिग्नलच्या खांबापाशी मी बाकावर बसले. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "विहीणबाई, एक मागणं आहे. पोर अशी असताना मला जाववत न्हाई. तेवढा महिना राहू द्या. जावयाला मी कशी म्हणू? तुम्ही वरमाय. तुमचा शब्द खाली पडायचा न्हाई."

मलाही तसंच वाटत होतं. जेवताना प्रशांतला सांगितलं, तारीख बदल. तो ताटातून मान वर न काढता, सवयीचा जर्मन शब्द लावून म्हणाला, "आल्झो, आई, ठरलंय ते ठरलंय. दोन-दोन म्हाताऱ्या घरात कशाला? तू यात पडू नकोस."

"मग मी जाते. त्यांना ठेव."

"तुझं तिकीटही ठरलेलंच आहे."

दुसऱ्या दिवशी वाटेवर मी शांताबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही शब्द टाकलात. पुष्कळ झालं." पाऊल मागेच.

निघताना त्यांनी माझी ओटी भरली. नारळ बार्शीहून आणलेला, ट्रंकेत जपून ठेवलेला. मला तो घेताना मान वर करवेना. फोडला तर आत नासका. प्रशांत तो हातात धरून बराच वेळ उभा राहिला, कचऱ्याच्या वेगवेगळ्या डब्यांपैकी कुठल्यात टाकायचा म्हणून. त्या घरात एवढा विचार त्याने दुसऱ्या कशाचा केला नव्हता.

मी तिथे असतानाच बार्शीहून फोन आला. शांताबाई गेल्या, झोपेतच. तान्हं मूल घेऊन इतक्या लांब नको, असं प्रशांतने ठरवलं. वैशालीने वाद घातला नाही. तिने बाळाला दूध पाजलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

रविवारी तो आम्हाला हवा खायला त्याच वाटेवर घेऊन गेला. तो पुढे, वैशाली बाळाची गाडी ढकलत त्याच्यामागे, मी सगळ्यांत मागे. खांबापाशी त्याने वळून पाहिलं.

"आई, मागे काय राहतेस? ये की पुढे."

"राहू दे. माझी जागा कळलीय मला."

गुडघे दुखत असतील असं वाटून तो हळू चालू लागला.